सोमवारची सुट्टी स्वयंपाकघरालाही

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एकच विषय फिरू लागतो: लेबर डेला कुणाकडे जमायचं? सप्टेंबरचा पहिला सोमवार सुट्टीचा, म्हणजे शनिवार धरून सलग तीन दिवस हाताशी. खगोलशास्त्राच्या हिशेबानं उन्हाळा आणखी दोन-तीन आठवडे उरलेला असतो, पण व्यवहारात तो इथेच संपतो. बहुतेक गावांतले उघडे पोहण्याचे तलाव या सोमवारनंतर बंद होतात, न्यूयॉर्क शहरातल्या शाळा त्यानंतर उघडतात, आणि दक्षिणेत जिथे शाळा ऑगस्टमध्येच भरलेल्या असतात तिथल्या मुलांना नव्या वर्षातला पहिला लांब विसावा हाच मिळतो. तेव्हा चार घरांनी एकत्र यावं, खावं-प्यावं, मुलांनी हुंदडावं हे ओघानं आलंच. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. तक्रार असलीच तर ती मनातल्या मनात राहते, आणि ती ज्या घरी जमायचं ठरतं त्या घरातल्या एका माणसाची असते. त्या माणसाची सुट्टी शुक्रवारी संध्याकाळी इंडियन ग्रोसरीच्या रांगेत सुरू होते आणि सोमवारी रात्री शेवटचं पातेलं घासल्यावर संपते. ते माणूस बहुतेक घरांत कोण असतं, हे वाचकांना सांगायला नको.

म्हणून या सुट्टीचा बेत आखताना एक गोष्ट सगळ्यांत आधी ठरवावी, असं माझं म्हणणं आहे. कुठे जायचं, काय खायचं, कुणाला बोलवायचं हे मागाहून बघू. आधी हे ठरू द्या, की सोमवारी घरातलं कुणीही काम करणार नाही आणि या 'कुणीही'मध्ये स्वयंपाक करणारं माणूसही धरलेलं आहे. बेत या टोकाकडून आखायला घेतला की बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात. उलट बाजूनं, म्हणजे पाहुण्यांची यादी आणि पदार्थांची यादी इथून सुरुवात केली, की विश्रांती ही शिल्लक राहिली तर मिळायची गोष्ट होते, आणि ती शिल्लक राहत नाही.

हा आग्रह हवेतला नाही, या दिवसाच्या जन्मातच तो आहे. ५ सप्टेंबर १८८२ रोजी, मंगळवारी, न्यूयॉर्कच्या सेंट्रल लेबर युनियननं पहिली मिरवणूक काढली. सुमारे दहा हजार कामगार त्या दिवसाची मजुरी बुडवून सिटी हॉलपासून युनियन स्क्वेअरपर्यंत चालत गेले. सकाळी माणसं थोडी होती आणि वाजंत्री तर नव्हतीच, त्यामुळे मिरवणूक निघते की नाही अशी वेळ आली होती. तेवढ्यात नेवार्कचे दोनशे जडजवाहीर कारागीर फेरीबोटीतून उतरले, त्यांच्याबरोबर बँड होता, आणि गाडी मार्गी लागली. मिरवणूक संपल्यावर बहुतेक जण बायकामुलांसह वेंडेल्स एल्म पार्कमध्ये गेले. तिथे भाषणं झाली, खाणंपिणं झालं, उशिरापर्यंत लोक रेंगाळले. म्हणजे सहकुटुंब पिकनिक ही या दिवसाला नंतर चिकटलेली हौस नव्हे, ती पहिल्याच वर्षापासून आहे. पण पिकनिकच्या आधी मिरवणूक होती, आणि मिरवणुकीतली मागणी कामाचे तास कमी करण्याची होती. कल्पना मुळात सुतारांचे पुढारी पीटर मॅग्वायर यांची की यंत्र कारागीर मॅथ्यू मॅग्वायर यांची, हा वाद अजून चालू आहे. ऑरेगन राज्यानं १८८७ मध्ये पहिल्यांदा ही सुट्टी कायद्यात आणली. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी २८ जून १८९४ रोजी देशपातळीवरच्या कायद्यावर सही केली तेव्हा शिकागोजवळ पुलमन कंपनीच्या कामगारांचा संप पेटलेला होता. कंपनीनं मजुरी कापली होती, पण कामगार राहत असलेल्या आपल्याच घरांचं भाडं कमी केलं नव्हतं. सहीनंतर जेमतेम आठवड्याभरात याच क्लीव्हलंडनी संप मोडायला सैन्य पाठवलं. एका हातानं सुट्टी, दुसऱ्या हातानं बंदुका, असा हा इतिहास आहे. तो माहीत असला की ही सुट्टी म्हणजे सरकारनं उन्हाळा संपताना वाटलेली मिठाई नव्हे, एवढं तरी लक्षात राहतं.

खरा कामगार दिन तर १ मे, मग सप्टेंबरच्या या दिवसाला एवढं वजन कशाला, असं काहीजण विचारतील. १ मे या तारखेमागेही १८८६ चं शिकागोच आहे, आणि महाराष्ट्रात तर तो दिवस राज्याच्या स्थापनेचाही आहे. पण अमेरिकेत त्या दिवशी ऑफिस असतं. शिवाय मराठी माणसाला या सोमवाराचं मर्म कळायला परक्या इतिहासावर विसंबायची गरजच नाही. जवळपास त्याच दशकात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या एका सुट्टीकरिता झगडत होते. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी बाँबे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. एप्रिल १८९० मध्ये त्यांनी घेतलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही लोखंड्यांच्या मांडणीत होतं. तेव्हा लेबर डेच्या वीकेंडचा सोमवार न्यूयॉर्कच्या कामगारांकडून आलेला आहे, तर रविवार, मराठी घरापुरता तरी, परळ-लालबागच्या कामगारांकडून. दोन्ही दिवस मागून मिळालेले नाहीत.

आणि त्याहून जुना दाखला शेतातला. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. आदल्या संध्याकाळी खांदे लोण्या-हळदीनं मळायचे, दुसऱ्या दिवशी आंघोळ, झूल, शिंगांना रंग, आणि पुरणपोळीचा घास. २०२४ मध्ये पोळा आणि लेबर डे एकाच दिवशी, २ सप्टेंबरला आले. आता ही प्रथा जरा बारकाईनं पाहा. जनावरालाही वर्षातून एक दिवस पूर्ण विसावा हवा, हे आपल्या पूर्वजांना पटलेलं होतं. पण त्या विसाव्याच्या नैवेद्यासाठी पहाटेपासून पुरण शिजवून, वाटून, पोळ्या लाटणारी बाई त्या हिशेबात नव्हती. बैलाचा सण तिच्यासाठी वर्षातल्या सगळ्यांत कष्टाच्या दिवसांपैकी एक. आज अमेरिकेतल्या मोठ्या घराच्या मागच्या अंगणात लेबर डे साजरा होतो तेव्हा नेमकं हेच घडत असतं. श्रमाच्या सन्मानाचा सण, आणि त्याचे सगळे श्रम एकाच्या माथी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: 'इकडे आता तसं राहिलेलं नाही. दोघं कमावतात, दोघं करतात, डिशवॉशर आहे, रेडीमेड पोळ्या मिळतात.' यात तथ्य आहे, आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या मानानं फरक पडलाही आहे. पण मागे किती अंतर होतं ते विसरू नये. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. अमेरिकेतल्या सरकारी पाहण्यांतही घरकामाचा मोठा वाटा वर्षानुवर्षं बायकांकडेच दिसत आला आहे, अंतर कमी असलं तरी. आपण याच दोन समाजांच्या मधोमध राहतो. शिवाय मिनिटांत न मोजता येणारं एक काम असतंच. किती जण येणार, त्यात उपासाचं कोण, शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाच्या मुलाला, बर्फ आणला का, कागदी थाळ्या पुरतील का, हे सगळं डोक्यात वागवणं. डिशवॉशर भांडी धुतो, पण हे ओझं तो उचलत नाही. मुलांच्या बाबांनी 'तू सांग, मी करतो' म्हणणं ही मदत झाली, वाटणी नव्हे. सांगण्याचं काम तसंच शिल्लक राहतं, आणि ते करणारीला विसावा नसतो.

तेव्हा वाटणी करायची ती अख्ख्या कामाची, विचारासकट. ज्याच्याकडे ग्रिल, त्याच्याकडे कोळसा किंवा गॅसची टाकी बघणं, चिकन-पनीर आणणं, मुरवणं, भाजणं आणि शेवटी जाळी घासणं हे सगळं. अमेरिकेत ग्रिल हा पुरुषांचा प्रांत मानला जातो, आणि आपल्या पुरुषांनी ही प्रथा फार चटकन उचलली. चिमटा हातात घेऊन दोन तास उभं राहणाऱ्याचं कौतुक होतं. मसाला कुणी वाटला, कांदे कुणी चिरले, तेलकट ट्रे कुणी घासला, हे कुणी विचारत नाही. म्हणून काम टोकापासून टोकापर्यंत एकाच्या नावावर असावं. मुलांच्या बाबतीतही तेच. सात-आठ वर्षांच्या मुलांकडे पाण्याचे कूलर आणि पेले सोपवता येतात, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडे शेवटची कचऱ्याची आवराआवर. शुक्रवारी रात्री जेवताना कागदावर नावं लिहून तो फ्रिजवर लावावा. इतका हिशेब केला तर मजा काय राहिली, असं कुणी म्हणेल. हिशेब एरवीही होतच असतो. फरक एवढाच, की तो एकाच डोक्यात असतो आणि बाकीच्यांना मजा वाटते.

दिवसांची वाटणीही महत्त्वाची. माझ्या मते मोठा मेळावा सोमवारी नकोच, रविवारी करावा. सोमवारी जमलं की पाहुणे जाईपर्यंत रात्र होते आणि मंगळवारी सकाळी शाळेची बस, ऑफिस, डबे हे सगळं समोर उभं असतं. लोक मनातून पाच वाजल्यापासूनच घड्याळ बघत असतात. शनिवार हा कामाचा दिवस समजावा: बाजार, चिराचिरी, शिजवून ठेवण्यासारखं शिजवणं, सगळ्यांनी मिळून. रविवारी जमावं, आणि सोमवार मोकळा ठेवावा, अगदी मोकळा. सोमवारी काय खायचं? रविवारचं उरलेलं. ते हिशेबानंच उरवावं. शिळं खाऊन सण कसला, असं ज्यांना वाटतं त्यांनी शीतळा सप्तमी आठवावी. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, सप्तमीला चूल पेटवायची नाही आणि थंडच जेवायचं, ही रीत श्रावणात कितीतरी घरांत पाळली जायची. चुलीला वर्षातून एक दिवस विसावा देण्याची सोय परंपरेत होतीच. आपण सोयीस्करपणे पुरणाची परंपरा तेवढी लक्षात ठेवली.

पदार्थ ठरवताना एकच कसोटी लावावी. ज्या पदार्थासाठी कुणीतरी शेगडीपाशी उभं राहून बाकीच्यांना गरमगरम वाढत राहावं लागतं, तो बाद. यात पुऱ्या, थालीपिठं, डोसे गेले, आणि दुर्दैवानं बटाटेवडेही गेले. वड्यांचा फारच आग्रह असेल तर ओळखीच्या घरगुती केटररकडून रीतसर पैसे देऊन शनिवारी आणावेत आणि रविवारी ओव्हनमध्ये गरम करावेत. चव थोडी उतरते, ते मान्य. मात्र या कसोटीला उतरणारं मराठी जेवण इतकं आहे की वड्यांवाचून अडू नये. गुरुवारी रात्री मटकी भिजत घातली तर शनिवारपर्यंत चांगले मोड येतात. उसळ शनिवारी केली की रविवारी ती अधिक मुरलेली लागते, आणि वर फरसाण, कांदा, लिंबू ज्याचं त्यानं घ्यायचं. दडपे पोह्यांना शेगडी लागते ती फक्त फोडणीपुरती. आणि ग्रिल ही तर आपल्या चुलीतल्या निखाऱ्यांचीच सोय आहे. इथली मोठी जांभळी वांगी तेलाचा हात लावून, टोचे मारून जाळीवर टाकली की अर्ध्या-पाऊण तासात सालं काळी होऊन गर मऊ पडतो. त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वरून कच्चं तेल घातलं की खानदेशी वळणाचं भरीत तयार, आणि ते गार झालं तरी बिघडत नाही. मक्याचा हंगाम या दिवसांत भरात असतो. कणसं पानांसकट पाण्यात बुडवून जाळीवर ठेवावीत आणि लिंबाच्या फोडीनं तिखट-मीठ चोळावं, हे काम मुलंसुद्धा करतात. सोबत दहीभात, काकडीची कोशिंबीर, लसणाची कोरडी चटणी. गोडाला या दिवसांत मिळणारे पिकलेले पीच कापून ठेवले तरी पुरे.

दहीभात आणि कोशिंबिरीबद्दल मात्र जरा कडक राहावं लागतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा, की नासणारं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ९० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. टेक्सस-जॉर्जियात लेबर डेला एवढी उष्णता नवलाची नाही. 'आमच्याकडे दुपारी केलेला भात रात्रीपर्यंत चालायचा' हा युक्तिवाद इथे लावू नये. उद्यानात उन्हातल्या टेबलावर पंचवीस जणांचे हात लागलेलं दही आणि घरातल्या फडताळात झाकून ठेवलेलं पातेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दह्याचे पदार्थ बर्फाच्या कूलरमध्ये लहान लहान डब्यांत ठेवावेत आणि एकेक डबा बाहेर काढावा. पेयांचा कूलर वेगळा असू द्या, कारण तो सारखा उघडला जातो. चिकन आतून १६५ अंश फॅरनहाइटपर्यंत (७४ सेल्सिअस) भाजलं गेलं पाहिजे, आणि ते रंगावरून ओळखण्यापेक्षा साधा टोचायचा थर्मामीटर बरा. कच्चं चिकन ज्यात मुरवलं तो मसाला वरून सॉससारखा ओतू नये. सोमवारचं जेवण उरलेल्यावर काढायचं तर ही काळजी दुप्पट घ्यावी. उरवायचं अन्न आधीच वेगळं काढून फ्रिजमध्ये ठेवावं, मेजावर फिरून आलेलं नको.

आता सगळ्यांत नाजूक मुद्दा. पाहुण्यांना पदार्थ आणायला कसं सांगायचं? आपल्याकडे बोलावलं की घरच्यांनी करायचं, पाहुण्यानं हात हलवत यायचं, फार तर पेढ्यांचा बॉक्स आणायचा, ही रीत रक्तात मुरलेली. पॉटलक म्हटलं की काहींना तो अमेरिकन कोरडेपणा वाटतो. पण घरोघरच्या शिदोऱ्या एकत्र कालवून केलेला गोपाळकाला काय आहे? शाळेच्या सहलीत आणि मोहल्ल्याच्या गच्चीवर होणारी अंगतपंगत काय आहे? प्रत्येकानं आपापलं आणावं, मध्ये ठेवावं, सगळ्यांचं सगळ्यांनी खावं, ही आपल्याकडची सर्वांत आनंदाची जेवणं असतात आणि त्यांत यजमान नावाचं माणूसच नसतं. २०२६ मध्ये तर गोपाळकाला ५ सप्टेंबरला, लेबर डेच्या वीकेंडच्या शनिवारीच येतो, तेव्हा निमंत्रण देताना शब्द शोधावे लागणार नाहीत. अडचण येते ती सांगण्याच्या पद्धतीमुळे. 'काहीतरी घेऊन या' असं सांगितलं की चार घरांतून चार पुलाव येतात आणि कोशिंबीर कुणीच आणत नाही, म्हणून यजमानीण आदल्या रात्री सगळंच थोडं थोडं करून ठेवते. नेमकं सांगावं: वहिनी, तुमची मटकीची उसळ, पंधरा माणसांना पुरेल एवढी, झाकणाच्या डिस्पोजेबल ट्रेमध्ये. ज्यांना स्वयंपाक येत नाही किंवा वेळ नाही त्यांच्याकडे बर्फ, पाणी, फळं, थाळ्या. त्यातही कमीपणा नाही, कारण ऐन वेळी संपतो तो बर्फच. आणि आलेल्यांनी जाताना आपला ट्रे, आपला चमचा आपणच धुऊन न्यावा. हे यजमानांनी सांगायला संकोच वाटत असेल तर एखाद्या जवळच्या काकूंनी किंवा मामांनी मोठ्यानं म्हणून टाकावं.

बऱ्याच घरांत या सुमारास भारतातून आलेले आईबाबा किंवा सासूसासरे असतात. थंडी सुरू व्हायच्या आत त्यांना परतायचं असतं, म्हणून हा मेळावा एका परीनं त्यांचा निरोपसमारंभही असतो. इथे आक्षेप प्रेमाच्या बाजूनं येतो: 'आईला स्वयंपाकातच आनंद आहे, तिला बसवून ठेवलं तर तिला करमायचं नाही.' असेलही. पण हे वाक्य आईऐवजी दुसरंच कुणी बोलत असेल तर जरा थांबावं. पंचवीस माणसांचा स्वयंपाक परक्या शेगडीवर, परक्या भांड्यांत, सत्तरीत करणं हे तिला खरंच हवं आहे का, हे तिला एकटीला, स्वयंपाकघराबाहेर विचारावं. हवं असेल तर एक पदार्थ तिचा, तिच्या देखरेखीखाली, चिराचिरी नातवंडांनी करायची. अनेकदा असं दिसेल, की तिला रस असतो तो चवीच्या अधिकारात, उभं राहण्यात नव्हे. आणि बाबांनाही एखादं काम नावानिशी द्यावं. घरात कुणी काम सांगत नाही म्हणून दिवसभर टीव्हीसमोर बसून कंटाळलेले आजोबा कणसं सोलायला आनंदानं बसतात.

सोमवार मोकळा म्हणजे घरात लोळणंच असं नाही, मात्र लांबचा प्रवास टाळलेला बरा. तीन दिवसांत सहा-सात तास गाडी हाकून जाणं आणि सोमवारी दुपारी सगळ्या देशाबरोबर त्याच रस्त्यावरून परतणं याला सुट्टी म्हणायला जीभ रेटत नाही. ज्यांना जायचंच आहे त्यांनी रविवारी रात्री परतावं. जवळपासचं पाहायचं तर या दिवसाला साजेशी ठिकाणं आहेत. शिकागोत पुलमन हे आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, आणि ज्या संपाच्या गदारोळात या सुट्टीचा कायदा झाला त्याच कंपनीचं गाव मुलांना तिथे चालून पाहता येतं. मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेलच्या जुन्या कापडगिरण्या जतन केलेल्या आहेत. गिरणगावाशी नातं असलेल्या आजोबांना तिथले माग दाखवावेत, मग नातवंडांना इंग्रजी फलक वाचायची गरज उरत नाही. तिथून जवळच लॉरेन्सला, १९१२ च्या मोठ्या गिरणी संपाच्या आठवणीत, दर लेबर डेला ब्रेड अँड रोझेस महोत्सव भरतो. मिशिगनमध्ये दरवर्षी या सकाळी मॅकिनॉ पूल वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्यांना मोकळा करतात. पाच मैलांचा पूल, एरवी त्यावर चालायला बंदी. यातलं काहीच जवळ नसेल तर गावचा तलाव आहेच, बहुधा त्या उन्हाळ्यात शेवटचा उघडा.

एक आक्षेप मात्र असा आहे की त्याला पूर्ण उत्तर नाही. सोमवारी सगळ्यांनाच सुट्टी असते कुठे? खाजगी कंपनीनं या दिवशी पगारी सुट्टी द्यावी असा देशपातळीवरचा कायदा अमेरिकेत नाही. कामगारांच्या दिवशी दुकानातला कामगार सेलच्या गर्दीला तोंड देत असतो. आपल्यातल्याच परिचारिका, निवासी डॉक्टर, मोटेल किंवा गॅस स्टेशन चालवणारी कुटुंबं, ऑन-कॉल असलेले सॉफ्टवेअरवाले त्या दिवशी कामावर असतात. त्यांच्यासाठी तारखेचा हट्ट सोडावा. घरात एकाची पाळी सोमवारी असेल तर त्या घराचा लेबर डे पुढच्या रविवारी, याच नियमांनी. मित्रमंडळींत असं कुणी असेल तर रविवारच्या जेवणातला एक डबा त्यांच्यासाठी काढून ठेवावा आणि नेऊन द्यावा. बाकीच्यांना करता येण्यासारखं एवढंच, की बाजार शनिवारी उरकावा आणि सोमवारी गादी स्वस्त मिळते म्हणून दुकानात जाऊ नये. एका घरानं न जाण्यानं दुकान बंद होणार नाही, हे खरं. पण आपला मोकळा दिवस तरी वाचतो.

राहता राहिला गणपती. भारतातल्या पंचांगाप्रमाणे २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी गणेश चतुर्थी नेमकी लेबर डेच्या सोमवारी आली होती, आणि एरवीही दोन्ही अनेकदा आठवड्याभराच्या अंतरानं येतात. बाप्पा घरी असताना स्वयंपाकघराला सुट्टी कशी, हा प्रश्न रास्त आहे. नैवेद्य चुकवा असं कुणी म्हणणार नाही. पण नैवेद्य देवापुरता आणि घरापुरता करणं वेगळं, दर्शनाला येणाऱ्या साठ जणांना ताट वाढणं वेगळं. दर्शनाला आलेल्यांना खिरापत, एखादी करंजी आणि चहा दिला तर बाप्पाच्या पाहुणचारात काही उणं पडत नाही. जेवणावळ मंडळाच्या सार्वजनिक उत्सवावर सोडावी. उकडीच्या मोदकांना तर अनेक हात लागतातच. उकड मळायला एक, पाऱ्या करायला दोघं, कळ्या पाडायला जो धीराचा असेल तो, आणि मुलांना साचा द्यावा. २०२७ मध्ये चतुर्थी शनिवारी, ४ सप्टेंबरला आहे आणि लेबर डे ६ तारखेला. ज्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो त्यांचं विसर्जन रविवारी होईल आणि सोमवार मोकळा मिळेल. पाच किंवा दहा दिवसांचा असेल त्यांनी त्या वर्षी मित्रमेळावा रविवारच्या आरतीलाच जोडावा, वेगळा ठेवू नये. उद्यानातला मांडव राखून ठेवायचा असेल तर मंडळाच्या कार्यक्रमाची तारीख आधी विचारून घ्या, आणि मगच आरक्षणाचे पैसे भरा. चांगली उद्यानं लेबर डेच्या कितीतरी महिने आधीच भरलेली असतात.